दाब, सोड

सीतादहीच्या आधी, पहिली वेचणी लागायच्या आत
बचत गटाचा ट्रॅक्टर मी घाटंजी रोडला आणते,
मुनाफभाईच्या बाभळीखाली.
गटात आम्ही अकरा जणी. चालवते मी एकटी,
म्हणून ब्रेकचा हिशेबही माझ्याच नावावर.

मुनाफभाई चहाचं विचारत नाही. आधी पाय बघतो.
"चप्पल काढ अनसूये, पेडलले तळवा लागू दे."

दोन पेडल. वावरात ती वेगळी वेगळी:
धुऱ्यावर वळताना एकच दाबायचं,
त्या अंगाचं चाक जागीच बसतं
आणि ट्रॅक्टर पाण्यातल्या म्हशीसारखा
स्वतःभोवती फिरतो.
डांबरी लागली की मधली पत्ती पाडायची.
विसरलं, तर एक चाक थांबतं,
दुसऱ्याला पत्ताच नसतो,
आणि मागून वीस क्विंटल कापूस ढकलत येतो.
ट्रॉलीला कुठे असतो ब्रेक?

तो बोटांनी मोकळी चाल मोजतो.
डाव्याची दोन बोटं, उजव्याची तीन.
रॉडचा नट अर्धा फेरा. पुन्हा बोटं.
पाव फेरा. पुन्हा बोटं.
मला घाई असते.
"भाऊ-भाऊ सारखे नाई झाले तं चालते," तो म्हणतो,
"हे दोन झालेच पायजे."

मग ट्रॉली. उंदरांनी कुरतडलेली वायर,
सॉकेटात मागल्या हंगामाची सरकी,
त्यातली एक तर उगवून वाळलेली.
अर्थिंगच्या बोल्टावर गंज.
पॉलिश पेपरने तो घासत राहतो,
गंजाखालचं लोखंड बोटाला गुळगुळीत लागेपर्यंत.

शेवटी मी सीटवर, तो मागे.
"दाब."
दाबते.
"सोड."
सोडते.
सात वर्षं असंच. मागचं मला दिसत नाही,
आवाजावर भरवसा.

यंदा आवाज येईना.
"दाब," म्हणाला, आणि बराच वेळ काहीच नाही.
पायात गोळा आला.
पेडल आणि सीटमध्ये काठी अडकवून उतरले.

मुनाफभाई लाल काचेवर तळहात ठेवून उभा होता,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.
काच गरम झाली की म्हणायचा, सोड.
डोळ्यांवर साय. कधीपासून, कोण जाणे.

आणि नवे दिवे मीच आणलेले, यवतमाळवरून,
एलईडी, बॅटरी कमी खाते म्हणून.
लख्ख लागला होता दिवा,
त्याच्या बोटांच्या फटींतून लाल सांडत होतं,
आणि तो म्हणत होता,
"थंडी हाय काच. नाई लागली."

मी गप्प.
जुने बल्ब परत लावू म्हणावं, असंही मनात आलं.
मग म्हटलं, "भाई, माझा पाय भरला.
तुम्ही बसा वर. मी पाहते मागं."

त्याने चप्पल काढली. चढला.
मी ओरडले, "दाबा!"
वरून आवाज आला,
"दाब म्हण. लाइटीले अहोजाहो नसते."

दाब. सोड. दाब.
डावा लागला. उजवा लागला.
इंडिकेटर एक मेला होता, तोही मीच सांगितला.
पैसे देताना त्याने नोट बोटांनी मोजली
आणि वीस रुपये परत केले.
"आज अर्धं काम तुयं."

वेचणी झाली. रात्री पांढरकवड्याला निघाले.
ताडपत्री दिव्यांच्या वरच बांधली, एकदा नाही, दोनदा पाहिलं.
पत्ती पाडली, टक वाजली.
निघण्याआधी, उगाच,
काचेवर हात ठेवून आले. थंड होती.

नाल्याच्या उताराला दाबलं,
आणि आरशात
बाभळीच्या काट्यांना अडकलेला, पुढल्या ट्रॉल्यांतून उडालेला कापूस
सगळा लाल झाला.

सोडलं.